लेकरांसाठी काम करायला आलात? मराठवाड्यातल्या नव्या कार्यकर्त्यासाठी वाटाड्या

बाल संरक्षणाच्या कामाला येणारा नवा माणूस बहुधा एक चित्र डोक्यात घेऊन येतो. कुठेतरी एक अनाथ मूल आहे, त्याला आपण आणायचं, आश्रमात ठेवायचं, शिकवायचं. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत हे चित्र फार कमी वेळा जुळतं. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक लेकरांना आई असते, नाहीतर बाप, नाहीतर आजी तरी असतेच. घर असतं, पण वर्षातले सहा महिने त्याला कुलूप असतं. किंवा कमावता माणूस गेलेला असतो आणि मागे राहिलेली बाई दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते. अशा लेकराला उचलून संस्थेत आणणं सोपं आहे. त्याला त्याच्याच गावात, त्याच्याच माणसांत, शाळेत टिकवणं अवघड, आणि पुढे जे सांगतो आहे ते बहुतेक त्यासाठीच आहे.

निवासी संस्था नकोत असं मी म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हजारावर मुलांना भारतीय जैन संघटनेनं शिकायला पुण्याला नेलं, तेव्हा दुसरा मार्गही नव्हता. एचआयव्हीबाधित मुलांना गाव आणि नातेवाईक दोन्ही दार लावतात, म्हणून औसा तालुक्यात हासेगावचं 'सेवालय' उभं राहिलं. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीचं 'शांतिवन' ऊसतोड कामगारांच्या मुलांपासूनच सुरू झालं. जमलं तर ही ठिकाणं पाहून या. पण निवासी संस्था हा शेवटचा पर्याय असतो हे कायदाच सांगतो. बाल न्याय कायदा २०१५ मध्ये ते तत्त्व म्हणूनच लिहिलेलं आहे.

आधी वर्षाची घडी समजून घ्या

आपल्याकडे लेकरांवरचं संकट तारीख सांगून येतं. ऊसतोडीला मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्याच्या तोंडावरच घेतलेली असते आणि पेरणीला, दवाखान्याला, नाहीतर मागचं देणं फेडायला ती खर्चही झालेली असते. दसरा झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे हलायला लागतात. दिवाळी सरता सरता आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या बीडच्या पट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं तेवढी उरतात. जालना, परभणी, धाराशिव, लातूर, नांदेड, हिंगोलीतूनही माणसं जातात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, पलीकडे कर्नाटक. परत येणं मार्च-एप्रिलमध्ये, फड आणि कारखाना संपेल तसं. म्हणजे शाळेचं दुसरं सत्र जवळजवळ सगळंच गेलं.

हे एकदा ध्यानात आलं की कामाचे महिने आपोआप ठरतात. नोव्हेंबरमध्ये 'मुलं शाळेत नाहीत' म्हणून गावात गेलात तर कुलपंच दिसतील. तुमचं खरं काम ऑगस्ट-सप्टेंबरमधलं आहे. वाडीवर घरोघर जा आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: या घरातून यंदा कोण जाणार, मागे कोण राहणार आणि ते कोणाच्या भरवशावर, सहा वर्षांच्या आतली लेकरं किती. ही यादी घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव टोळ्या निघायच्या आधी गेला पाहिजे. या वसतिगृहामुळे मूल गावातच राहतं, आजीकडे किंवा चुलत्याकडे झोपतं, आणि दोन वेळचं जेवण व अभ्यास शाळेच्या आधारानं होतो. सामाजिक न्याय विभागाची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच आहेत, तिथल्या जागा आणि प्रवेशाच्या तारखा समाजकल्याण कार्यालयात विचारून ठेवा. जे मूल तरीही जाणारच आहे, त्याच्यासाठी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवून कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसता येतं. कागद नाही म्हणून शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे कोणतीच शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, पण कार्ड हातात असलं की वाद घालावा लागत नाही.

वसतिगृह मंजूर झालं म्हणजे चाललं असं नव्हे. संध्याकाळी न सांगता जा, आणि हजेरीपटावरची मुलं आणि पंगतीला बसलेली मुलं मोजा. फरक दिसला तर तिथल्या तिथे भांडू नका. आधी विचारा की न आलेली मुलं कुठे आहेत. बऱ्याचदा ती आजीच्या दुखण्यामुळे घरी असतात, कधी आईबापानं मध्येच बोलावून नेलेली असतात, आणि कधी फक्त कागदावरच असतात. तिन्हींचा इलाज वेगळा.

टोळी निघायच्या दिवशी एकदा ट्रॉली भरताना उभं राहून पाहा. पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, पिठाचं पोतं, कोपीसाठी, म्हणजे तिकडच्या झोपडीसाठी, ताडपत्री आणि बांबू, बांधलेली शेळी, आणि त्या सगळ्यावर लेकरं. तेव्हा वर बसलेल्यांकडे कमी आणि खाली कडेवर तान्हं घेऊन उभ्या असलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोरीकडे जास्त पाहा. तिला ऊस तोडायला कोणी नेत नाही. पहाटे आई फडात गेली की तान्ह्याला सांभाळायला आणि भाकरी थापायला नेतात. तिला मागे ठेवायचं असेल तर तिच्या अभ्यासाविषयी बोलून भागत नाही, त्या तान्ह्याची सोय काय हा प्रश्न सोडवावा लागतो. आईला माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यायला सांगा, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत लसीकरण आणि पोषण आहार चालू राहील, आणि तिकडे ओळखीची संस्था असेल तर टोळीचा पत्ता तिला कळवा. तेवढ्यानं सगळं सुटत नाही, पण काही घरं पोरीला मागे ठेवायला तयार होतात.

पहिल्या आठवड्यात कोणाला भेटायचं

संकटाच्या दिवशी ओळख काढत बसायला वेळ नसतो, म्हणून आधीच फिरून या.

जिल्ह्याला महिला व बाल विकास कार्यालय असतं, त्यातच जिल्हा बाल संरक्षण कक्ष. तिथे संरक्षण अधिकारी बसतात, एक संस्थेतल्या मुलांचं बघतात, दुसरे संस्थेबाहेरच्यांचं. दुसऱ्यांशी तुमचा संबंध जास्त येईल. बाल कल्याण समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाबद्दलचा निर्णय हीच समिती देते आणि तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. तिच्यासमोर 'आमच्या संस्थेला वाटतं' या भाषेत बोलू नका. काय पाहिलं, कधी पाहिलं, कोण म्हणालं, एवढं सांगा. कायद्यानं समितीनं महिन्याला किमान वीस दिवस बसायला हवं. कुठे पदं रिकामी असली की शेजारच्या जिल्ह्याकडे कार्यभार जातो, मग सत्तर-ऐंशी किलोमीटर लेकरू घेऊन जावं लागतं. सध्या तुमच्याकडे काय स्थिती आहे ते आजच विचारून ठेवा.

प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. ठाण्यातल्याच निम्म्या लोकांना तो कोण हे माहीत नसतं, म्हणून नाव आणि नंबर स्वतः लिहून आणा. गावात सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव असलेली ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर असते. ती जिवंत करायची असेल तर अंगणवाडीताई, आशाताई आणि पोलीस पाटील या तिघांना धरा. गावात कोणाच्या घरी काय शिजतं आणि कोणाचं लग्न ठरतं हे त्यांना सगळ्यात आधी कळतं.

घरी जाताना

पहिल्या भेटीत फॉर्म बाहेर काढायचा नाही. जोत्यावर बसायचं, पाणी दिलं तर प्यायचं, चहा आला तर 'नको, आत्ताच झाला' म्हणायचं नाही. म्हातारीला आजी, बाईला मावशी किंवा ताई, माणसाला मामा किंवा भाऊ. 'तुमचं उत्पन्न किती?' हा प्रश्न चौथ्या वाक्याला विचारला की पुढची सगळी उत्तरं योजनेच्या हिशेबानं मिळतात. त्यापेक्षा 'यंदा कापूस किती निघाला?', 'बोअरला पाणी आहे का?', 'सोयाबीन विकलं की ठेवलंय?' असं विचारा. घराची हालत आपसूक कळते.

लेकराशी बोलायचं ते सगळ्यांदेखत बोलवून नाही, आणि बंद खोलीत एकट्यानंही नाही. अंगणात, ओट्यावर, जिथे कोणाला दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी. त्याला त्याच्या दिवसाबद्दल विचारा: सकाळी कोण उठवतं, पाणी कोण भरतं, रात्री कुठे झोपतोस, कोणाची भीती वाटते का. झोपायची जागा विचारायला नवे लोक लाजतात. विचारा. एकटी राहिलेली पोर रात्री कोणाच्या घरी झोपते, यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं.

आणि वचन देऊ नका. 'तुला आम्ही शहरात शिकवू', 'महिन्याला पैसे सुरू करून देतो' असलं काही नको. योजना मंजूर करणारे तुम्ही नाही. एकदा शब्द फिरला की त्या वाडीवर पुढच्या माणसालाही कोणी दारात उभं करत नाही.

कागदांचं काम, जे कोणालाच आवडत नाही

लेकराला घरी टिकवायचं तर पैशाची सोय लागते आणि ती कागदांतून येते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अनाथच असायला हवं असं नाही. बाप वारला, आईनं घर सोडलं, पालक तुरुंगात किंवा दुर्धर आजारानं अंथरुणाला खिळलेला, अशी मुलंही बसतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वाची रक्कम महिन्याला ४,००० रुपये आहे, त्यासाठी ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपयांपेक्षा जास्त नसावं लागतं. अर्ज बाल संरक्षण कक्षात द्यायचा. गृहभेटीचा अहवाल होतो, मग बाल कल्याण समिती किंवा त्या योजनेची मंजुरी समिती आदेश काढते.

लागणारे कागद साधे दिसतात: मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक, घरासमोर पालकासोबत काढलेला फोटो. पण अर्ज अडतो तो दाखल्यांमधल्या नावांवर. आजीच्या आधारवर एक आडनाव, रेशनकार्डवर दुसरं. शाळेत मुलाचं पाळण्यातलं नाव, आधारवर भलतंच. बाप पुण्याकडे कामावर असताना वारला आणि मृत्यूची नोंद तिकडच्या महापालिकेत. आईनं दुसरं घर केलं, ती सही करायला येत नाही. म्हणून अर्ज भरायच्या आधी सगळे कागद सतरंजीवर शेजारी शेजारी मांडा आणि प्रत्येकावरचं नाव मोठ्यानं वाचा. पहिला अर्धा तास तिथेच घाला, पुढचे तीन महिने वाचतील. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का आणि ते चालू आहे का, हेही त्याच दिवशी बँकेत किंवा सीएससी (ऑनलाइन सरकारी सेवांच्या) केंद्रात विचारून घ्या. खूप खाती वर्षभर व्यवहार नाही म्हणून झोपलेली असतात.

वयाचा घोळ वेगळाच. जुन्या हजेरीपटांत कितीतरी मुलांचा जन्म १ जूनचा, कारण प्रवेश घेताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकलेली. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आधारवरची तारीख या यादीत नाही. बालविवाहाच्या वेळी हा क्रम तोंडपाठ असला पाहिजे, कारण समोरचा माणूस सगळ्यात आधी आधारच नाचवतो.

फोन येतो तेव्हा

१०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर (चाइल्डलाइन) चोवीस तास चालतो आणि फुकट आहे. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून सरकारच्या महिला व बाल विकास विभागाकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडली गेली. तुमची संस्था कितीही मोठी असली तरी तुमच्या आधी हा नंबर. फोनवर गाव आणि खूण, मुलाचं अंदाजे वय, काय दिसतंय, मूल आत्ता धोक्यात आहे का, आणि तुम्ही तिथे थांबू शकता का, एवढं सांगितलं की पुरे. कारणं आणि अंदाज नंतर.

परभणी, पूर्णा, नांदेड, जालना या स्टेशनांवर एकटं मूल सापडलं तर रेल्वे पोलीस आणि आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) यांच्याकडेच जा. गाडीत बसवून 'घरी सोडतो' असं परस्पर करू नका, ते मूल घरातूनच का पळालं हे तुम्हाला ठाऊक नसतं. हरवलेलं, टाकलेलं, एकटं सापडलेलं मूल तुम्हाला दिसलं तर २४ तासांच्या आत कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुलाला बाल कल्याण समितीसमोर २४ तासांत उभं करायचं, त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. समिती त्या दिवशी बसलेली नसेल तर एका सदस्यासमोरही नेता येतं. दिवाळीची सुट्टी, रविवार, रात्र ही कारणं चालत नाहीत.

'दोन दिवस माझ्याच घरी राहू दे' ही नव्या कार्यकर्त्याची सगळ्यात चांगली भावना आणि सगळ्यात धोकादायक कृती. मूल फक्त नोंदणीकृत संस्थेत, आदेशानं. त्याच कारणानं, रस्त्यावर किंवा दवाखान्यात सोडलेलं बाळ कोणा ओळखीच्या निपुत्रिक जोडप्याला 'देऊन टाकायचं' नाही. दत्तकाची वाट कारा या केंद्रीय दत्तक संस्थेमार्फत जाते आणि आदेश जिल्हाधिकारी देतात. परस्पर दिलेलं बाळ हा गुन्हा ठरतो, मग देणारा कितीही पुण्य करत असो.

लग्न थांबवताना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणीत ते प्रमाण ४८ टक्के, बीडमध्ये जवळपास ४४. यामागे निव्वळ अज्ञान नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात आणि उचलही अर्धी. जोडी झाली की उचल वाढते. दुसरीकडे पोरीला सहा महिने वाडीवर एकटं ठेवायची बापाला धास्ती असते, आणि ती धास्ती खोटी नाही. हे समजून न घेता 'कायद्यानं गुन्हा आहे' एवढंच ऐकवलंत तर लग्न थांबत नाही, फक्त ठिकाण बदलतं.

खबर मिळाली की आधी मुलीच्या शाळेतून निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल) किंवा जन्मतारखेचा दाखला काढा. मग ग्रामसेवकाला कळवा, गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच आहे, शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी. त्याच वेळी १०९८ आणि पोलीस. एकट्यानं मांडवात जायचं नाही. शक्यतो हळदीच्या आदल्या दिवशी पोचा. एकदा पाहुणे जेवायला बसले की बाप मागे हटायला तयार असला तरी त्याची लाज आडवी येते. बोलणं मुलाकडच्यांशीही करायचं, त्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे आकडे लवकर पटतात. मंडपवाला, आचारी, भटजी, फोटोग्राफर यांनाही कायदा लागू होतो आणि हे चौघं बाजूला झाले की लग्न आपोआप मोडतं, ही माझी आवडती युक्ती. ऐकत नसतील तर कलम १३ खाली न्यायालयाचा मनाई आदेश मिळतो. त्यानंतर केलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं.

हमीपत्र लिहून घेतलं म्हणून गाडी वळवू नका. मुलीला बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं, आणि त्यानंतरचे पंधरा दिवस तिच्या शाळेत रोज हजेरी विचारायची. दुसऱ्या गावात, मामाच्या वस्तीवर, रात्रीतून उरकण्याचे प्रकार नेमके याच दिवसांत होतात. मग पोरीनं पुढे काय करायचं हे तुमच्याकडे तयार हवं. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा मोफत पास आहे. तालुक्यात कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय असेल तर तिथे राहायची सोय होते. शाळा तुटून दोन-तीन वर्षं झाली असतील तर दहावीला सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म. घरच्यांना हे लग्नाआधी सांगता आलं तर तुमचं निम्मं भांडण वाचतं.

अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर

इथे फार बोलायचं नाही आणि उशीर करायचा नाही. मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. खोदून विचारू नका, 'तू ओरडली का नाहीस?' तर मुळीच नाही. 'ही तुझी चूक नाही' एवढं सांगा. 'कोणाला सांगणार नाही' असं सांगू नका, कारण मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे तुम्हाला पोलिसांना कळवावंच लागतं. अंगावरचे कपडे धुऊ देऊ नका. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला पोलीस उपनिरीक्षकानं, साध्या कपड्यांत घ्यायचा असतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टर करते. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचं असतं. समिती मुलासोबत राहायला मदतनीस व्यक्ती देऊ शकते, ती मागून घ्या, आणि कुटुंबाची रोजी बुडत असेल तर अन्न, कपडे, प्रवास यासाठीची तातडीची मदतही मागा.

गावात 'मिटवून घ्या' म्हणणारे चार प्रतिष्ठित लोक हमखास भेटतील. त्यांच्या बैठकीला जाऊच नका. हा गुन्हा आपसात मिटत नाही, आणि तुम्ही तिथे बसलात की संस्थेची संमती होती असं पुढे सांगितलं जातं.

केक, फोटो आणि पाहुणे

आपल्या भागात बालगृहात येऊन जेवण देण्याची मोठी रीत आहे. वडिलांचं वर्षश्राद्ध, मुलाचा वाढदिवस, नेत्याचा वाढदिवस. देणाऱ्यांची भावना खरी असते, आणि त्या जेवणावर संस्थेचे बरेच दिवस निघतात हेही खरं. पण मग मुलांना ओळीत बसवायचं, केक कापणाऱ्याच्या मागे उभं करायचं, गाणं म्हणायला लावायचं, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो तालुक्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर. त्यातली एखादी पोर पोक्सोच्या खटल्यातली साक्षीदार असते. एखाद्याचा बाप त्याला शोधत असतो.

मुलाची ओळख पटेल असं काहीही छापणं-दाखवणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेहऱ्यावर इमोजी चिकटवून भागत नाही. गावाचं नाव, शाळेचा गणवेश, बापानं आत्महत्या केल्याची हकिकत, यावरूनही ओळख पटते. दारातच पाहुण्यांचे मोबाईल टोपलीत ठेवायला सांगा. सुरुवातीला लोक रागावतात, एकदोन देणगीदार जातातही. जाऊ द्या. पंगतीचा, भाजीच्या पातेल्याचा, नव्या वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो द्या. आणि पाहुण्याला वाढू द्या, पण मुलांना 'थँक्यू म्हणा' असं एका सुरात म्हणायला लावू नका. ते जेवण त्यांच्या हक्काचं आहे.

हे नियम आपल्यालाही लागू. नेमणुकीआधी पोलीस पडताळणी, मुलासोबत मोटारसायकलवर एकट्यानं प्रवास नाही, एका मुलाला वेगळं गिफ्ट नाही, रात्री वैयक्तिक मेसेज नाही, कोणी ताई-दादा नियम मोडताना दिसला तर वरिष्ठांना त्याच दिवशी सांगायचं. संस्थेचं लेखी बाल संरक्षण धोरण मागा. नसेल तर ते लिहून घेणं हे तुमचं पहिल्या महिन्याचं काम समजा.

हंगाम संपल्यावर

टोळ्या परतल्या की नवे कार्यकर्ते सुटकेचा निःश्वास टाकतात. खरं तर हे पंधरा दिवस फार कामाचे असतात. वसतिगृहात राहिलेल्या मुलाला आईबापाच्या हाती देताना त्याची हजेरी, वजन, आजारपणं, परीक्षेचे गुण एका कागदावर लिहून द्या आणि वाचून दाखवा. जे मूल सोबत गेलं होतं त्याच्या हमी कार्डावर तिकडच्या शाळेची नोंद आहे का पाहा, म्हणजे जूनमध्ये त्याला मागच्याच वर्गात बसवायची वेळ येणार नाही. कोणी एखादं लेकरू परत आलंच नसेल, तिकडेच हॉटेलात, वीटभट्टीवर, गॅरेजमध्ये लागलं असेल, तर ते याच दिवसांत कळतं. चौदाच्या आतल्या मुलाला कुठेही कामाला ठेवता येत नाही, आणि अठराच्या आतल्याला धोक्याच्या कामाला. शाळा सुटल्यावर घरच्या रानात कापूस वेचणारं पोर यात येत नाही, हेही लक्षात असू द्या, नाहीतर गावातली निम्मी घरं तुमच्यावर उठतील. टोळीतल्या चार जणांना वेगवेगळं विचारा, गावाचं आणि मालकाचं नाव जुळलं की त्या जिल्ह्याच्या १०९८ ला आणि कामगार अधिकाऱ्याला कळवा.

आणि प्रत्येक घरी जाताना पुढच्या हंगामाची उचल घेतली का, कोणत्या मुकादमाकडून, जोडीची की अर्ध्या कोयत्याची, हे विचारून वहीत लिहा. गेल्या वर्षी अर्धा कोयता होता आणि यंदा जोडीची उचल घेतली असेल, तर त्या घरातल्या पोराचं आणि त्याच्यासाठी पाहिलेल्या पोरीचं वय त्याच दिवशी तपासायला घ्या.